नऊ शिंपल्या

मह्या, तुझ्या खोलीची खिडकी मी अजून बंद केलेली नाही. आई म्हणते, आता कशाला उघडी ठेवायची, धूळ येते. येऊ दे. टीबीच्या पेशंटच्या खोलीत वारा खेळता हवा, ऊन हवं, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वर्षभर ती उघडी ठेवायची इतकी सवय झाली की आता लावायला गेले तरी कडीपाशी हात थांबतो. दुपारचे तीन वाजलेत. पडदा आत येतो, बाहेर जातो. हायवेच्या पलीकडे मिठागरांचं पाणी चमकतंय आणि त्यात ती गुलाबी रेघ दिसतेय. सगळं मुलुंड त्यांना फ्लेमिंगो म्हणतं. तू म्हणायचास, "पक्षी कसले ताई, कुणीतरी साडी वाळत घातलीय आणि उचलायला विसरलंय." तेव्हापासून मला ती साडीच दिसते.

तुला जाऊन आज बाविसावा दिवस. मी लिहायला बसले कारण काल मला एक गोष्ट कळली आणि ती कळल्यापासून तुझ्याशी भांडायचंय. आपला लहानपणापासूनचा नियम होता, भांडण अर्ध्यावर सोडून उठायचं नाही. तू उठलास. तेव्हा आता मी बोलते, तू ऐक.

तुझी भूक गेली ती आधी माझ्या लक्षातच आली नाही. खोकला दिसला, वजन दिसलं, संध्याकाळचा घाम दिसला. पण तू, दुपारचा डबा संपवून दुसऱ्या मेकॅनिकच्या डब्यात हात घालणारा तू, भाताचे चार घास चिवडून ताट सरकवायला लागलास, तेव्हा मी म्हटलं, नखरे करतोय. मग औषधं सुरू झाली आणि उरलीसुरली भूकही गेली. "सगळ्याला एकच चव लागते गं," तू म्हणालास. "लिफ्टचं काम करताना मी स्क्रू तोंडात धरतो ना, तशी. वरण पण स्क्रू, चहा पण स्क्रू." आई दाराशी उभी राहून म्हणायची, "मेल्या, दोन घास तरी खा रे." आणि तू तिच्यासाठी दोनच घास खायचास, मोजून.

सोसायटीत आपण टायफॉइड सांगितला होता. समोरच्या वहिनींनी सहाव्या महिन्यात विचारलं, अजून टायफॉइडच का? तू आतून ओरडलास, "चांगल्या क्वालिटीचा आहे वहिनी!" मी तोंडावरच्या मास्कमध्ये हसले. त्या मास्कचं एक बरं होतं, मी हसतेय की रडतेय ते तुला कळायचं नाही असं मला वाटायचं. एकदा तू म्हणालास, "ताई, तुझं नाक कसं आहे ते विसरलो मी." मग मी गॅलरीच्या पार टोकाला गेले, मास्क काढला आणि उन्हात उभी राहिले. तू पलंगावरून बराच वेळ बघत बसलास. "तसंच आहे," म्हणालास. "भज्यासारखं."

दुपारी चारच्या सुमाराला तुझा ताप चढायचा. चढायला लागला की तू डोळे मिटून म्हणायचास, "बसलो बघ लिफ्टमध्ये." भांडुपपासून घाटकोपरपर्यंत किती इमारतींच्या लिफ्ट तू चालत्या केल्यास, पण ही तापातली लिफ्ट सगळ्यांत भारी आहे म्हणायचास, आवाज नाही, धक्का नाही. पाचव्या मजल्यावर दार उघडलं की गावचं अंगण. माडाच्या सावलीत बाबा गळाची दोरी सोडवत बसलेले, गिरणीत जायच्या आधीच्या वयाचे, काळेभोर केस. सातव्यावर समुद्र, थेट लॉबीत आलेला, घोट्याएवढं कोमट पाणी आणि कुणाच्या तरी चपला तरंगतायत. नवव्यावर आपली जुनी खोली, त्यात मी परकरात, तुला माझ्या हातचा मार खायचा बाकी. मी कपाळावर ओली पट्टी बदलत ऐकायची. बाहेर पडदा हलायचा, आणि खरं सांगते मह्या, कधी कधी मीही तुझ्याबरोबर त्या लिफ्टमध्ये असायची. मलाही त्या कोमट पाण्याचा स्पर्श व्हायचा.

"आणि सगळ्यांत वर काय आहे?" मी एकदा विचारलं. तू म्हणालास, "तिथे दार उघडतं, पण पुढे मजलाच नसतो गं. काहीच नसतं. मी बटण दाबून मधेच थांबवतो." हसत सांगितलंस. पण माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की बांगडीचा वळ उठला. इतक्या वर्षांत तू घाबरलास असं मी पहिल्यांदा पाहिलं.

आता त्या रविवारचं बोलते. ते बोलल्याशिवाय पुढचं काही बोलता येणार नाही.

त्या शुक्रवारी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले होते, "भूक औषधांनी गेलीय. थोडं थोडं द्या, दर दोन तासांनी. जे आवडतं ते द्या." एवढंच. पण मला त्यातलं शेवटचंच ऐकू आलं. आपल्याकडे हे वाक्य कधी म्हणतात ते तुलाही माहीत होतं. बाबांच्या वेळी शेजारपाजारचे येऊन आईला हेच सांगून गेले होते, जे आवडतं ते द्या हो त्यांना. मी डॉक्टरांना पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की बाई, मी जेवणाबद्दल बोलतोय. मी जिना उतरले आणि रिक्षात बसून घरापर्यंत रडले.

रविवारी सकाळी बाजारात गेले. शिंपल्यांसकट तिसऱ्या घेतल्या, कोलंबी घेतली, घरी वडे केले, काळ्या वाटाण्याची उसळ केली, सोलकढी केली, आईने गोड रसातल्या खापरोळ्या केल्या. तुझं ते वेगळं ताट तुला आवडायचं नाही. आईने त्याच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता, चुकून दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. तू त्याला कुत्र्याचं ताट म्हणायचास. म्हणून मी केळीचं पान आणलं. म्हटलं, पानाला ठिपका नसतो. त्यावर सगळं थोडं थोडं वाढलं, चिमूट चिमूट, कारण थोडं थोडंच द्यायचं होतं. मधोमध तिसऱ्या. आणि तुला उठवत नव्हतं म्हणून ते पान तुझ्या उशाशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

ग्रिलवर एक कावळा बसला होता. तो रोजच बसतो.

तू पानाकडे पाहिलंस, कावळ्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. बाबांच्या दिवसांत गच्चीवर असंच पान ठेवलं होतं, त्यांना आवडायचं ते सगळं, चिमूट चिमूट, आणि आपण दोघं टाकीमागे उभे राहून कावळ्याची वाट बघत होतो. तू तेव्हा चौदा वर्षांचा. "काय गं ताई," तू हळूच म्हणालास, "मी अजून खाली आहे ना? मग हे कुणाला वाढलंस?"

मी काय बोलले ते मला आठवतं. मी म्हटलं, "मूर्खासारखं बोलू नकोस. सकाळपासून राबतेय मी." तू विचारलंस, "डॉक्टर काही बोलले का तुला?" मी म्हटलं, "काही नाही बोलले." तू भिंतीकडे तोंड केलंस. दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाहीस. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते आणि मी तुझा नाही, तूच माझा अपमान केल्यासारखं वागत होते.

मह्या, तू बरोबर ओळखलंस. ते पान मी तुला निरोप द्यायलाच वाढलं होतं. मला ते माहीत नव्हतं, पण माझ्या हातांना माहीत होतं. तू जिवंत होतास, तुझं वजन पुढे वाढणार होतं, आणि मी तुला आधीच काढून टाकलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. माफी मागायची तर ते कबूल करावं लागलं असतं, म्हणून मागितली नाही. आता मागते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू मला हाक मारलीस आणि म्हणालास, "शेपू कर."

मला वाटलं तापात बोलतोय. शेपूच्या वासाने तू लहानपणी घराबाहेर जाऊन बसायचास. आईने एकदा पिठात कालवून थालीपीठ दिलं तर तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हतास. मी म्हटलं, "तुला आवडत नाही." तू म्हणालास, "म्हणूनच. मरणाऱ्याला कुणी शेपू वाढत नाही, यार. तू शेपू वाढलास की मला कळेल, मी राहतोय." आणि तसा आपला करार झाला. तुला न आवडणारं तेवढंच ह्या घरात शिजणार. शेपू, दुधी, पडवळ, कारलं, सुरण. तू नाक दाबून खायचास, शिव्या देत खायचास, "काय वाट लावलीय तोंडाची" म्हणत खायचास, पण खायचास. "तेका जा आवडता ता तरी कर गो," आई मला म्हणायची. तिला हा वेडेपणा वाटायचा. महिन्याने काटा दीड किलो पुढे गेला. तू वजनाचा कागद नेलपॉलिशच्या ताटावर चिकटवलास. तो दीड महिना मी आयुष्यात विसरायची नाही. दुपारी घरभर शेपूचा वास आणि त्या वासात झोपून जाणारी मी, आणि पलीकडच्या खोलीत तू, कुठल्याशा मजल्यावर.

मला एक जुनी गोष्ट आठवायची तेव्हा. मी लग्न मोडून परत आले होते ना, सात वर्षांपूर्वी, टेम्पोत चार खोके घेऊन. तूच आला होतास आणायला. घरी आल्यावर माझ्या घशाखाली काही उतरेना. कुणी काही विचारलं की मला ओकारी यायची. चौथ्या दिवशी तू एकशिपी तिसऱ्या केल्यास, एकेका शिंपलीत एकेक बोंड, खोबऱ्याच्या वाटणात. माझ्यासमोर बसलास आणि एक अक्षर न बोलता खायला लागलास. लहानपणी आपली शर्यत असायची, पानाशेजारी रिकाम्या शिंपल्यांचा ढीग कुणाचा मोठा. आणि तू हमखास माझ्या ढिगातल्या ढापायचास आणि वर म्हणायचास, "हरले म्हण." मी कधी म्हटलं नाही. त्या दिवशी माझा ढीगच नव्हता, तर तू माझ्या भरलेल्या ताटातल्या उचलायला लागलास. मी चिडले. "हात काढ तुझा, माझ्या आहेत." आणि एक खाल्ली. मग दुसरी. तू बघितलंसुद्धा नाहीस. त्या जेवणाबद्दल मी तुझे आभार मानले नव्हते. बहिणी मानत नाहीत.

मग गणपतीनंतर तुझा श्वास लागायला लागला आणि तुला दाखल करावं लागलं. वॉर्डात पलीकडच्या कॉटवर मढचे एक काका होते, आयुष्यभर होडीवर गेलेले, आणि त्यांची बायको, आपण तिला काकू म्हणायचो. ती इतक्या लांबून दोन बस बदलून डबा आणायची. मीही रोज डबा आणायची. शेपू, दुधी. करार चालूच होता. तुझा एकेक घास लहान होत गेला. डबा अर्धा परत यायला लागला, मग पाऊण. पण झाकण उघडलं की तू म्हणायचास, "झकास. शेपू आहे. म्हणजे चिंता नाही." मी मान हलवायची.

आणि त्या बुधवारी दुपारी, उजेड तुझ्या पायांवर पडला होता, तू डोळे न उघडता म्हणालास, "ताई, बाजारात तिसऱ्या मिळतायत का गं?"

मला एवढंच कळलं की तू करार मोडतोयस. तू बटणावरचं बोट काढलंस, असं मला वाटलं. मी म्हटलं, "नाही. सध्या येत नाहीत बाजारात." सकाळीच मी कोळणीच्या टोपलीत त्या पाहिल्या होत्या, ओल्या, करड्या रेघांच्या. तू डोळे उघडलेस. कोकणातल्या माणसाला कुणी तिसऱ्यांबद्दल खोटं सांगतं का? पण तू नुसतं "बरं" म्हणालास. "मग उद्या शेपूच आण."

शनिवारी सकाळी फोन आला.

दहाव्याला मी घाटावर उभी होते. भटजींनी पिंड ठेवले, सगळे मागे सरले. मी मनात तयारीच करून आले होते. कावळा येणार नाही, दोन तास येणार नाही, मग मामा म्हणतील, काय राहिलं असेल त्याचं, आणि मी पुढे होऊन सांगीन, मह्या, तिसऱ्या राहिल्या, माझ्यामुळे राहिल्या. सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं. पण आम्ही पुरते मागे सरलोही नव्हतो तोच कावळा आला आणि शिवला. सगळ्यांनी हुश्श केलं. "सुटलो माझो झील," आई म्हणाली. मला मात्र राग आला. तुझं काही राहिलं नव्हतं? मग मी दहा दिवस कशाने जळत होते?

काल मी तुझे कागद आणायला हॉस्पिटलात गेले. काका अजून तिथेच आहेत, आता बरे आहेत, जेवतात. काकूने मला पाहिलं आणि हात धरून खिडकीपाशी नेलं. "बाय, तुझ्या भावाची एक वस्तू माझ्याकडे राहिलीय," म्हणाली. तिने काकांच्या कपाटातून तुझा निळा चौकड्यांचा रुमाल काढला. गाठ मारलेला. आत काहीतरी खुळखुळत होतं.

"गुरुवारी मी ह्यांच्यासाठी तिसऱ्या आणलेल्या," काकू सांगायला लागली. "वास गेला त्याच्या नाकात. बोलला, काकू, मला वाढ ना. मी बोलले, तुझी बहीण एवढा डबा आणते, तिला सांग की, ती करून आणेल. तर बोलला, तिला नको. मी तिसऱ्या मागितल्या तर ती घाबरते. तिला वाटतं, मी चाललो."

"आणि शेपू?" मी विचारलं.

"तो शेपू त्याच्यासाठी कुठे होता बाय? बोलायचा, हा मी खातो तेव्हा ताईच्या जिवात जीव येतो. म्हणून तोंडात घालायचा."

मग ती म्हणाली, खाऊन झाल्यावर तू तिला शिंपल्या धुऊन द्यायला सांगितल्यास. तिने त्या उकळत्या पाण्यातून काढून दिल्या. तू त्या रुमालात बांधल्यास आणि तिच्याकडेच ठेवायला दिल्यास. "बोलला, घरी गेलो की तिच्यासमोर ओततो, आणि मग सांगतो तिला. ताईची जिरवायचीय मला." काकू रडायला लागली. मी नाही रडले. मी रिक्षात रडले, घरापर्यंत.

मी समजत होते करार तुझ्यासाठी आहे. तू घाबरतोस म्हणून मी शेपू करते. आणि तू इकडे मी घाबरते म्हणून तो खात होतास, तोंडात सगळीकडे स्क्रू असताना. दोघांनी एकमेकांपासून लपवून एकमेकांची भीती सांभाळली. एकदा तरी एकत्र घाबरलो असतो तर बरं झालं असतं, मह्या. मी मास्क लावून का होईना, तुझ्या पलंगावर बसले असते, आणि म्हटलं असतं, मलाही तो मजला दिसतो, चल, दोघं उभे राहू दारात. हे माझं तुझ्याशी भांडण आहे. आणि त्याच्या पोटात हेही आहे की तुला शेवटी भूक लागली होती. करार म्हणून नाही, काट्यासाठी नाही. तुला वास आला आणि खावंसं वाटलं. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या मढच्या बाईची जन्मभर ऋणी आहे.

आता रुमाल सोडून मी शिंपल्या खिडकीच्या कट्ट्यावर मांडल्यात, तिथेच, जिथे ते पान ठेवलं होतं. ग्रिलवर तो कावळा आहे. ऊन सरकत सरकत तिथपर्यंत आलंय आणि शिंपल्यांच्या आतला भाग मिठागरातल्या पाण्यासारखा दिसतोय. स्वयंपाकघरात आईने आज तिसऱ्या चढवल्यात, मीच आणून दिल्या. खोबऱ्याचा वास ह्या खोलीपर्यंत आलाय. चार वाजत आलेत. तुझी लिफ्टमध्ये बसायची वेळ झाली.

नऊ आहेत. मी दोनदा मोजल्या. पण मी तुला ओळखते रे. काका पलीकडच्याच कॉटवर बसून जेवत होते आणि त्यांच्या ताटाशेजारी मोठा ढीग असणार. शेवटच्या आठवड्यात तुला पाण्याचा घोटही धड उतरत नव्हता. तेव्हा खरं सांग, नऊच्या नऊ तू खाल्ल्यास? की दोन खाल्ल्यास आणि सात काकांच्या ढापल्यास, मला दाखवायला?

ढापल्या असशील तरी चालतील. ह्या वेळी मी हिशेब मागणार नाही. हरले, मह्या. म्हटलं बघ. हरले.